डॉक्टर, एक विचारायचं होतं : रक्ताच्या रिपोर्टात मेंदूचं काय कळतं?

मागच्या अंकात स्मृतिभ्रंशावर लिहिताना मी शेवटी एकच ओळ टाकली होती, की अल्झायमरसाठी आता रक्ताची टेस्ट आलीये. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. काहींनी रिपोर्टचे फोटो पाठवलेत, काहींनी टेस्ट करायच्या आधी विचारलंय (त्यांचे विशेष आभार), आणि एका ताईंचं पत्र मी दोन रात्री डोक्यात घेऊन फिरले, ते शेवटी घेतलंय. नावं अर्थातच देत नाही.

प्रश्न (नाशिक) : नमस्कार मॅडम, माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. दोन वर्षं झाली, तेच तेच विचारतात, परवा गॅसवर दूध ठेवून देवळात निघून गेल्या. दीर न्यू जर्सीला असतात, ते म्हणतात तिकडे अल्झायमरची रक्ताची टेस्ट निघालीये, इथेही सँपल घेतात, लगेच करून टाका. सासूबाईंना शुगर आहे, वीस वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. करायची का टेस्ट?

उत्तर : ताई, दीर म्हणतात ते खरंय. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि तपासण्या मंजूर करणारी तिकडची सरकारी संस्था) फुजिरेबिओ कंपनीच्या टेस्टला परवानगी दिली, अल्झायमरच्या निदानाला मदत करणारी तिकडची ही पहिली मंजूर रक्ताची टेस्ट. त्यात दोन प्रोटीन मोजतात आणि त्यांचं गुणोत्तर काढतात, एक पी-टाऊ २१७ आणि दुसरं अमायलॉइड, अल्झायमरमध्ये मेंदूत ज्याचे थर साचतात ते. टाऊ म्हणजे काय, तर मेंदूच्या पेशीत माल इकडून तिकडे नेणारे बारीक रूळ असतात, ते जागेवर धरून ठेवणारे खिळे समजा. या प्रोटीनच्या साखळीत २१७ नंबरच्या जागी फॉस्फेट चिकटलं की त्याला पी-टाऊ २१७ म्हणतात, आणि मेंदूत अमायलॉइडचे थर साचायला लागले की हे रक्तातही वाढायला लागतं. पूर्वी हेच कळायला पाठीच्या मणक्यातून पाणी काढावं लागायचं नाहीतर महागडा पेट स्कॅन करावा लागायचा.

आता आकडे. एफडीएसमोर ४९९ जणांचे सँपल होते. टेस्ट पॉझिटिव्ह आली त्यातल्या ९१.७ टक्के लोकांच्या मेंदूत पेट स्कॅनने किंवा पाठीच्या पाण्याच्या तपासणीनेही अमायलॉइड सापडलं, निगेटिव्ह आली त्यातल्या ९७.३ टक्क्यांमध्ये ते खरंच नव्हतं, आणि वीस टक्क्यांपेक्षा थोड्या कमी लोकांचा रिपोर्ट अधेमधे अडकला, ना हो ना नाही. त्याआधी २०२४ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठाच्या लोकांनी १,२१३ पेशंटवर असाच अभ्यास केला होता. फक्त बोलून, तपासून आणि नेहमीच्या चाचण्या बघून फॅमिली डॉक्टरांचं अल्झायमरचं निदान ६१ टक्के वेळा बरोबर आलं, स्मृतिभ्रंशाच्या स्पेशालिस्टचं ७३ टक्के, आणि रक्ताच्या टेस्टचं साधारण ९१ टक्के. मी स्वतः न्यूरॉलॉजिस्ट आहे आणि तो ७३ चा आकडा आमचा आहे, म्हणून सांगते, ही टेस्ट खरंच मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखायचं नाहीये मला.

पण तुमच्या सासूबाईंसाठी मी ती पहिल्या नंबरवर ठेवणार नाही.

वीस वर्षं मेटफॉर्मिन. हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय पण माझं लक्ष तिथेच अडकलं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ कमी होतं, त्यात घर शाकाहारी असेल, जोडीला रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी असेल (ती असतेच बऱ्याचदा, कोणी औषधात धरतच नाही) तर बी१२ अगदी तळाला गेलेलं असतं, आणि बी१२ कमी झालं की विसरायला होतं, चिडचिड होते, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. माझ्याकडे साताऱ्याकडचे एक आजोबा आले होते, मुलांनी "बाबांना अल्झायमर झालाय" असं ठरवूनच आणलेलं, बी१२ शंभरच्या आत निघालं. इंजेक्शनं सुरू केली, सहा महिन्यांनी आजोबा स्वतः एसटीने एकटे दाखवायला आले. सगळ्यांचं असं होत नाही, उशीर झाला तर जे गेलं ते पूर्ण परत येत नाही, म्हणूनच हे आधी बघायचं. बी१२, थायरॉइडची टीएसएच, सोडियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीसाठी), हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची शुगर, आणि मेंदूचा एक सीटी किंवा एमआरआय. यातल्या रक्ताच्या तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्येही होतात. शुगर अधूनमधून खाली जाते का तेही बघा, वारंवार शुगर उतरली तरी माणूस गोंधळतो. झोपेची गोळी चालू आहे का? ऐकू कमी येतं का? सासरे गेल्यापासून गप्प झाल्यात का? हे प्रश्न रिपोर्टात येत नाहीत पण मी ते विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

आणि अजून एक, वीस वर्षांची शुगर म्हणजे किडनीवर परिणाम झालेला असू शकतो. किडनी मंदावली की पी-टाऊ २१७ रक्तात आपोआप जास्त दिसतं, मेंदूत काही नसतानाही. उलट वजन फार जास्त असेल तर ते कमी दिसू शकतं. त्यात हे सगळे कटऑफ ज्यांच्या रक्तावरून ठरलेत ते बहुतेक युरोप-अमेरिकेतले लोक आहेत, आपल्यासारखे चाळिशीपासून शुगर-बीपी असलेले लोक त्यात फार कमी. म्हणून क्रिएटिनिन हातात असल्याशिवाय पी-टाऊचा रिपोर्ट वाचूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं होऊनही उत्तर मिळालं नाही, तर न्यूरॉलॉजिस्टला भेटा आणि मग टेस्ट जरूर करा. पण सँपल द्यायच्या आधी त्यांना एक विचारा, "पॉझिटिव्ह आली तर उपचारात काय बदलणार?" अमायलॉइड काढणारी इंजेक्शनं आहेत, लेकानेमॅब, डोनानेमॅब, ती आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तरच देतात, सलाइनमधून महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, मधे मधे एमआरआय करावे लागतात कारण मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो, आणि फायदा होतो तो आजाराचा वेग थोडा कमी होण्याचा, गेलेली आठवण परत येत नाही. या वाटेने जायचं असेल तर टेस्टला अर्थ आहे. जायचं नसेल तरी निदान नक्की व्हावं म्हणून केली तर माझा विरोध नाही, फक्त ते कशासाठी करतोय हे घरात सगळ्यांना माहीत हवं, दीरांनाही.

तोपर्यंत गॅसचा रेग्युलेटर वापर झाला की बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांनी लावा, आणि त्यांच्या पर्समध्ये नाव-पत्ता-फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा. हे आजच करा, बाकी तपासण्या सोमवारपासून.

प्रश्न (पुणे, हिंजवडी) : मी ३८ वर्षांचा आहे, तब्येत ठणठणीत आहे. आजीला अल्झायमर होता. एका हेल्थ पॅकेजमध्ये पी-टाऊ आणि एपीओई जीनची टेस्ट दोन्ही आहेत, सूट चालू आहे. करून ठेवू का?

उत्तर : नको. एफडीएची परवानगीसुद्धा ५५ वर्षांपुढच्या आणि विसरण्याचा त्रास सुरू झालेल्या लोकांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. वरचे ते ९१ टक्के वगैरे आकडे अशा लोकांचे आहेत ज्यांच्यात निम्म्याच्या आसपास माणसांना खरोखर आजार असतो. अडतीस वर्षांच्या धडधाकट हजार लोकांत आजार जवळपास नसतोच, तिथे तीच टेस्ट केली तर जे काही पॉझिटिव्ह येतील ते बहुतेक सगळे खोटे पॉझिटिव्ह असतील, आणि तुम्ही पुढची वीस वर्षं किल्ली विसरलात तरी घाबराल. एपीओई ४ जीन असला तर धोका वाढतो हे खरं, पण तो असूनही नव्वदीपर्यंत खणखणीत असलेले लोक आहेत आणि नसूनही आजार झालेले आहेत, तो निदान नाही. आणि तो रिपोर्ट एकट्या तुमचा नसतो, तुमच्या भावाबहिणीचा आणि मुलांचाही असतो, त्यांना कोणी विचारलंय का?

पैसे वाचवायचेच असतील तर बीपीचं मशीन घ्या. लॅन्सेटच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये १४ गोष्टी मोजल्या ज्या आपल्याला बदलता येतात, बीपी, शुगर, एलडीएल कोलेस्टेरॉल, ऐकू कमी येणं, नजर कमी होणं, सिगारेट, दारू, डोक्याला मार, एकटेपणा वगैरे, आणि जगातल्या साधारण ४५ टक्के स्मृतिभ्रंशामागे या गोष्टी आहेत असा त्यांचा हिशोब आहे. बाईक चालवत असाल तर हेल्मेटही त्यातच आलं.

प्रश्न (कोल्हापूर) : डॉक्टर, वडील ६४, शुगर आहे, पायाला मुंग्या येतात म्हणून एका ठिकाणी भरपूर टेस्ट केल्या, त्यात एनएफएल नावाची एक वाढलेली आली, लाल अक्षरात. मी नेटवर बघितलं तर एएलएस असं दाखवतंय, दोन वर्षांत माणूस जातो असं लिहिलंय. आईला सांगितलेलं नाही. झोप उडालीये.

उत्तर : दादा, आधी श्वास घ्या. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला एएलएस वाटत नाहीये. एएलएस मसल चालवणाऱ्या नसांचा आजार आहे, त्यात हातापायाचे स्नायू वाळतात, फडफडतात, शक्ती जाते, पण मुंग्या आणि बधिरपणा हे त्याचं मुख्य लक्षण सहसा नसतं. शुगरवाल्या माणसाच्या पायाला मुंग्या येणं ही आमच्या ओपीडीत रोज दिसणारी गोष्ट आहे आणि तिचं कारण बहुतेक वेळा शुगर, बी१२ किंवा दोन्ही.

एनएफएल म्हणजे न्यूरोफिलामेंट लाइट. नसेची जी लांब तार असते तिच्या आतला हा सांगाडा. तार तुटली की त्याचे तुकडे बाहेर येतात आणि फार थोडे रक्तात पोचतात, इतके थोडे की पिकोग्रॅममध्ये मोजावे लागतात, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढं बारीक मोजणारी तंत्रं गेल्या पंधरा-एक वर्षांतच आली म्हणून ही टेस्ट आता ऐकू येतेय, त्याआधी पाठीतलं पाणीच काढावं लागायचं. रस्त्यावर काचा पडलेल्या दिसल्या की इथे कुठेतरी गाडी ठोकलीये एवढं कळतं, कुठली गाडी, कोणाची, कशी ठोकली ते नाही कळत. एनएफएल तसं आहे. लकवा मारला तरी वाढतं, डोक्याला मार लागला तरी, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस, यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि कण्यातल्या नसांवरच उलटते), शुगरने नसा खराब झाल्या तरी, किडनी मंदावली तरी, आणि काहीही न होता नुसतं वय वाढलं तरी. चौसष्ट वर्षांच्या माणसाचा आकडा तीस वर्षांच्या माणसाच्या रेंजला लावला की लाल अक्षर उमटणारच! तुमच्या रिपोर्टवर वयानुसार रेंज दिलेली नाहीये, मी फोटो मोठा करून बघितला.

मग ही टेस्ट कशाला आहे, तर निदान झालेल्या माणसात ती फार उपयोगी पडते. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या पेशंटमध्ये औषध लागू पडतंय का ते बघायला. एएलएसमध्येच एक उदाहरण आहे, एसओडी१ नावाच्या जीनमधल्या बिघाडामुळे होणाऱ्या एएलएसचं टोफरसेन हे औषध एप्रिल २०२३ मध्ये एफडीएने मंजूर केलं ते रक्तातलं एनएफएल कमी होतंय एवढ्या पुराव्यावर, माणसाच्या ताकदीत फरक त्या अभ्यासात ठरलेल्या मुदतीत नीट सिद्ध झाला नव्हता तरी. म्हणजे या आकड्याला किंमत आहे, फक्त ती आजार माहीत असताना आहे.

वडिलांना न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, नसांची एनसीव्ही करा (नसेतून करंट किती वेगाने जातो ते बघतात), बी१२ करा, शुगर आवरा. आणि आईला लपवू नका, त्यांना तुमच्या चेहऱ्यावरून कळलेलंच असणार.

प्रश्न (रत्नागिरी) : मी २९ वर्षांची आहे. गणपतीच्या आधी उजव्या डोळ्याने दिसेनासं झालं, स्टिरॉइडच्या सलाइनने थोडं आलं. आता पाय जड झालेत. एमएस असेल म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्यूपी४ आणि मॉग अशा दोन अँटिबॉडीच्या टेस्ट लिहून दिल्यात, सँपल बाहेर पाठवतात, खर्च बराच आहे. घरचे म्हणतात एमआरआय झालाय ना, मग हे कशाला? खरंच गरज आहे का?

उत्तर : आहे. बाळा, या सगळ्या पत्रांत जिच्यासाठी मी दहा वेळा "टेस्ट करा" म्हणेन ती तू आहेस. हे पान घरच्यांना वाचायला दे.

डोळ्याची नस आणि पाठीचा कणा या दोघांवर हल्ला करणारे दोन-तीन आजार आहेत आणि वरून ते सारखेच दिसतात. एमएस त्यातला एक. दुसरा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, थोडक्यात एनएमओ. फ्रान्समधल्या डेव्हिक या डॉक्टरांनी १८९४ मध्ये तो नीट मांडला आणि त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं तो एमएसचाच एक प्रकार असावा असं खूप जण धरून चालले होते. २००४ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशंटच्या रक्तात एक अँटिबॉडी शोधली जी एमएसच्या पेशंटमध्ये नव्हती, आणि पुढच्याच वर्षी ती कशावर जाऊन बसते तेही सापडलं, मेंदूच्या आधारपेशींवर पाण्याची ये-जा करणारी जी दारं असतात, ॲक्वापोरिन ४, त्यांच्यावर. त्या एका रक्ताच्या तपासणीने दोन आजार वेगळे झाले. तीच ही एक्यूपी४ टेस्ट. मॉग अँटिबॉडीचा आजार तिसरा, त्याचा स्वभाव आणखी वेगळा.

हे वेगळं करणं एवढं महत्त्वाचं का, तर एमएसची काही औषधं, इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब, ही एनएमओच्या माणसाला दिली तर आजार वाढू शकतो. आणि एनएमओचा एकेक अटॅक जबरदस्त असतो, डोळा गेला तर बऱ्याचदा पूर्ण परत येत नाही. म्हणजे इथे रिपोर्टवर औषध बदलतं, आणि औषधावर तुझी नजर आणि तुझे पाय अवलंबून आहेत. एनएमओ बायकांमध्ये पुरुषांच्या कितीतरी पट जास्त होतो. मधे कधी कारण नसताना दिवसेंदिवस उचक्या लागल्या होत्या का, किंवा उलट्या थांबत नव्हत्या असं झालं होतं का? पोटाचं समजून सोडून दिलेलं असतं आणि तो मेंदूच्या तळाशी झालेला एनएमओचाच अटॅक असतो. आठवून बघ आणि डॉक्टरांना सांग.

टेस्ट देताना तीन गोष्टी. ही तपासणी रक्तातच करायची, यासाठी पाठीतलं पाणी पाठवायची गरज नाही, उलट रक्तात ती जास्त चांगली सापडते. दुसरं, सेल-बेस्ड पद्धतीने, म्हणजे पेशींवर तपासून करणारी लॅब बघा, जुन्या एलायझा पद्धतीत खोटे पॉझिटिव्हही येतात आणि खरे सुटतातही. तिसरं, प्लाझ्मा बदलायचा उपचार ठरला असेल तर सँपल त्याच्या आधी घ्या, नाहीतर अँटिबॉडी धुऊन जाते आणि रिपोर्ट उगाच निगेटिव्ह येतो. रिपोर्ट यायला दिवस लागतात, तोवर उपचार अजिबात थांबवायचे नाहीत. आणि पाय जड झालेत हे तू पत्रात लिहून वाट बघतेयस हे मला बरोबर वाटत नाहीये, हा अंक छापून येईपर्यंत थांबू नको म्हणून तुला मी आधीच कळवलंय, ॲडमिट झालीस ते वाचून बरं वाटलं.

प्रश्न (लातूर जिल्हा) : भाचा बाईकवरून पडला, डोक्याला लागलं. आमच्याकडून सीटी स्कॅन पन्नास किलोमीटर. अमेरिकेत रक्ताच्या थेंबावरून मेंदूला मार लागलाय का कळतं म्हणे?

उत्तर : कळतं, काही अंशी. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ अशी दोन प्रोटीन आहेत, पहिलं मेंदूच्या आधारपेशीतून येतं, दुसरं न्यूरॉनमधून. ती मोजणाऱ्या टेस्टला एफडीएने फेब्रुवारी २०१८ मध्ये परवानगी दिली, आणि २०२४ मध्ये ॲबट कंपनीच्या हातात मावणाऱ्या मशीनला, पंधरा मिनिटांत उत्तर. पण नीट ऐका, तिचं काम उलटं आहे. ती निगेटिव्ह आली तर सीटीत काही सापडणार नाही हे जवळजवळ खात्रीने सांगते (२०१८ च्या टेस्टच्या अभ्यासात ९९.६ टक्के), म्हणजे उगाचचा सीटी वाचतो. पॉझिटिव्ह आली तर मात्र त्यातल्या बहुतेकांचा सीटी नॉर्मलच निघतो. आणि ती शुद्धीत असलेल्या, किरकोळ मार वाटणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे. पुन्हा पुन्हा उलटी, झोपाळल्यासारखं होणं, आकडी, एक बाहुली मोठी दिसणं, हात-पाय लुळा पडणं, कानातून-नाकातून पाणी किंवा रक्त, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असणं, यातलं एक जरी असेल तर कुठलीही टेस्ट शोधत बसायचं नाही, गाडी काढायची आणि सीटी गाठायचा, पन्नास किलोमीटर असो की शंभर. ही मशीन आपल्या तालुक्यात येईपर्यंत तरी घरच्यांचे डोळे हीच पहिली तपासणी आहे, पहिली रात्र कोणीतरी जागं राहा आणि दर दोन तासांनी त्याला उठवून नाव विचारा.

प्रश्न (पुणे, सिंहगड रोड) : गेल्या वर्षी जीबीएसच्या (गिलन-बारे सिंड्रोम) साथीत शेजारच्यांचा मुलगा व्हेंटिलेटरवर होता. सुरुवातीला पाय दुखतात म्हणून दोन दिवस घरीच होता. रक्ताची एखादी टेस्ट करून आधी कळलं नसतं का?

उत्तर : नसतं कळलं, आणि त्याच्या आईवडिलांच्या मनात हे असेल तर त्यांना माझा निरोप द्या की त्यांचं काही चुकलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात जे झालं त्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जुलाबाचा जंतू पेशंटच्या तपासण्यांत सापडला होता आणि बोट पाण्याकडे गेलं. या जंतूच्या वरच्या आवरणाचा आकार आपल्या नसांवरच्या जीएम१ नावाच्या स्निग्ध रेणूसारखा असतो, शरीर जंतूविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि त्या चुकून नसांवर जातात. या अँटिबॉडी रक्तात मोजता येतात, पण बऱ्याच पेशंटमध्ये त्या सापडतच नाहीत आणि रिपोर्ट येईपर्यंत उपचाराची वेळ टळून जाते. पाठीतल्या पाण्यातलं प्रोटीनसुद्धा पहिल्या आठवड्यात नॉर्मल असू शकतं, एनसीव्हीही. म्हणून जीबीएस ओळखायचा तो पेशंट बघून, जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन एक-दोन आठवड्यांनी दोन्ही पाय कमजोर, मग हात, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय हलत नाही.

एक रक्त तपासणी मात्र अशा प्रत्येक माणसात तासाभरात व्हायला हवी, पोटॅशियम. पोटॅशियम फार उतरलं तरी असाच लुळेपणा येतो आणि ते भरून काढलं की माणूस एक-दोन दिवसांत उठून बसतो. (पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्या माणसाच्या पापण्या सकाळी जड झाल्या, बोलणं अडखळलं तर मण्यारचा दंश डोक्यात असू द्या, खूण दिसतेच असं नाही, आणि त्यासाठी कुठली रक्ताची टेस्ट नाही, तिथे सापाच्या विषावरची लस लगेच.)

प्रश्न (डोंबिवली) : पार्किन्सनची रक्ताची टेस्ट आहे का?

उत्तर : रोजच्या वापरात नाही. पाठीतल्या पाण्यात अल्फा-सायन्युक्लीन (पार्किन्सनमध्ये मेंदूत साचणारं प्रोटीन) शोधायची पद्धत चांगली निघालीये, २०२३ मध्ये मोठ्या अभ्यासात तिने जवळजवळ ८८ टक्के पेशंट ओळखले, रक्तातून तेच करायचा प्रयत्न चालू आहे. आज तरी हाताचं थरथरणं, मंदावलेली चाल आणि गोळीने पडणारा फरक यावरूनच निदान होतं. थरथर चाळिशीच्या आत सुरू झाली असेल तर मात्र सेरुलोप्लाझ्मिन ही रक्ताची तपासणी नक्की करा, तो विल्सनचा आजार असू शकतो, शरीरात तांबं साठण्याचा, आणि त्याला चांगलं औषध आहे.

प्रश्न (सोलापूर) : ताई, बाबा ६८ वर्षांचे, शिक्षक होते. विसरायला लागले म्हणून भावाने परस्पर पी-टाऊ २१७ करून घेतली. बाबांना सांगितलं शुगर चेक करायचीये. पॉझिटिव्ह आलीये. न्यूरॉलॉजिस्टनी बाकी सगळं तपासून अल्झायमरची सुरुवात आहे असं सांगितलं, तेही बाबांना बाहेर बसवून. भाऊ म्हणतो त्यांना कळता कामा नये, खचतील. बाबा रोज विचारतात, "माझ्या शुगरचा रिपोर्ट आला का ग?" मी काय सांगू?

उत्तर : हेच ते पत्र.

तुमच्या भावाचा राग नका करू, तो घाबरलाय आणि बाबांवर त्याचं प्रेम आहे. पण ज्यांचं रक्त घेतलं त्यांनाच विचारलं नाही ही चूक झालीये, आणि ती आपल्याकडे फार घरांत होते, कॅन्सरच्या बाबतीतही होते. बाबा रोज विचारतायत म्हणजे त्यांना संशय आहे. विसरणाऱ्या माणसाला बऱ्याचदा सगळ्यात आधी स्वतःला कळतं की आपलं काहीतरी निसटतंय, आणि आजूबाजूचे सगळे गप्प झाले की ती भीती त्यांना एकट्याने बाळगावी लागते.

म्हणून आधी रिपोर्ट सांगू नका, आधी विचारा. संध्याकाळी चहाच्या वेळी, भाऊ सोबत असू दे, टीव्ही बंद. "बाबा, हल्ली तुम्हाला स्वतःला काय वाटतं, लक्षात राहायला त्रास होतोय का?" ते बोलतील. मग विचारा, "डॉक्टरांनी तपासलंय, तुम्हाला सगळं ऐकायचंय की आम्ही बघून घेऊ?" काही माणसं खरंच म्हणतात की तुम्हीच बघा, तोही त्यांचा हक्क आहे, मग तिथेच थांबायचं. ऐकायचंय म्हणाले तर साध्या शब्दांत सांगा, विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे, उपचार सुरू करतोय, आम्ही कुठे जात नाही. टक्केवारी नको, "किती वर्षं" नको, ते कोणालाच सांगता येत नाही. आणि शुगरचं खोटं बोललो त्याबद्दल माफी मागा, स्पष्ट.

सांगण्याचं अजून एक कारण आहे. आज ते निर्णय घेऊ शकतात. पेन्शनचं खातं, घराचं मृत्युपत्र, गाडी कधी सोडायची, पुढे कोणाकडे राहायचं, हे सगळं ते आज स्वतः सांगू शकतात आणि सही करू शकतात. आणखी काही वर्षांनी हेच तुम्हा भावंडांना त्यांच्याऐवजी ठरवावं लागेल आणि तेव्हा प्रत्येकाला वाटेल की बाबांना दुसरंच हवं होतं. शिक्षक होते म्हणताय, तर त्यांना एक वही द्या, त्यांच्याच अक्षरात लिहू दे काय हवं काय नको.

एकदा सांगून ते विसरले आणि पुन्हा "रिपोर्ट आला का" विचारलं, तर पुन्हा तितक्याच शांतपणे सांगा किंवा तेव्हा विषय बदलावासा वाटला तर बदला, दोन्ही चालेल. भावाला हे पत्र वाचायला द्या. त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर लिहू दे, मी उत्तर देईन. आणि बाबा काय म्हणाले ते मला कळवा.